वेल्हे, राजगड आणि प्रायमरी की

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुणे जिल्ह्यातल्या वेल्हे तालुक्याचं नाव ‘राजगड’ करायला मान्यता दिली आणि पुढे ते अधिकृतही झालं. तालुक्यात राजगड आहे, तोरणा आहे, रायगडाच्या आधी सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी इथेच होती. तेव्हा हे नाव का, हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. ते द्यावं की देऊ नये यावर चहाच्या टपरीपासून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपपर्यंत भरपूर बोलून झालंय. माझा आजचा विषय तो नाही. आमच्यासारख्या कीबोर्ड बडवणाऱ्यांना अशी बातमी वाचली की पहिला प्रश्न वेगळाच पडतो: आता त्या ड्रॉपडाउनचं काय होणार?

हसू नका. प्रश्न गंभीर आहे. कुठलाही सरकारी-निमसरकारी-खासगी फॉर्म उघडा. जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा. त्या तालुक्याच्या यादीमागे कुठेतरी एक टेबल असतं. ते टेबल बनवणाऱ्याने तालुक्याला एक क्रमांक दिला असेल आणि नाव हा त्या क्रमांकाचा फक्त एक गुणधर्म म्हणून ठेवला असेल, तर नामांतर म्हणजे पाच मिनिटांचं काम. पण त्याने ‘वेल्हे’ हीच अक्षरं ओळख म्हणून वापरली असतील आणि तीच अक्षरं अर्जात, पावतीत, रिपोर्टात, दुसऱ्या सिस्टीमला पाठवायच्या फाइलमध्ये कॉपी होत गेली असतील, तर मात्र झाला घोळ. आणि मी आजवर जेवढे डेटाबेस पाहिलेत त्यावरून सांगतो, दुसरा प्रकार वाटतो त्यापेक्षा खूप जास्त आढळतो.

तर माझं आजचं म्हणणं एका वाक्यात: नाव ही हाक मारायची गोष्ट आहे, ओळख पटवायची नाही. आणि हा फरक प्रोग्रॅमरने पाळला नाही की त्याची शिक्षा प्रोग्रॅमरला होत नाही, भलत्यालाच होते.

आता वेल्ह्याचंच उदाहरण घेऊन बघू, कारण याहून चांगला टेस्ट केस शोधून सापडणार नाही.

तालुक्याचं नाव राजगड झालं, पण तालुक्याचं मुख्य गाव वेल्हे बुद्रुक, ते वेल्हेच राहिलं. म्हणजे पत्ता झाला: गाव वेल्हे, तालुका राजगड. आता ‘राजगड’ म्हटल्यावर मुळात किल्ला आला. भोर तालुक्यात अनंतनगर-निगड्याला राजगड सहकारी साखर कारखाना आहे. पुणे ग्रामीणचं राजगड पोलीस ठाणे नामांतराच्या कितीतरी आधीपासूनचं, आणि त्याची हद्द हायवेलगतच्या नसरापूर-किकवी बाजूला, म्हणजे पुन्हा भोर तालुक्यात! वेल्ह्याचं ठाणं वेगळं. म्हणजे कुणी नुसत्या नावावर दोन टेबलं जोडली तर राजगड तालुक्यातली माणसं थेट शेजारच्या तालुक्यातल्या ठाण्याला चिकटतील. क्वेरी एररही देणार नाही, निमूटपणे चुकीचं उत्तर देईल. एरर देणारा प्रोग्रॅम परवडतो हो, चुकीचं उत्तर आत्मविश्वासाने देणारा परवडत नाही.

अजून गंमत पुढेच आहे. या तालुक्याची पश्चिमेची हद्द कुठल्या जिल्ह्याला लागते? रायगड. मढे घाट उतरलात की महाड तालुका. राजगड आणि रायगड, देवनागरीत एका अक्षराचा फरक, ज आणि य. रोमन लिपीत लिहिलं तरी एकाच अक्षराचा. स्पेलिंगच्या चुका पोटात घालणारा कुठलाही ‘हुशार’ सर्च अशा दोन शब्दांना जवळजवळ एकच समजतो. त्याचा तरी काय दोष? एका अक्षराची चूक म्हणजे टायपो, हेच त्याला शिकवलंय. मध्य प्रदेशात राजगढ नावाचा अख्खा जिल्हा आहे, तो वेगळाच.

आणि हा रायगड जिल्हासुद्धा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना आई-वडिलांच्या जुन्या कागदांवरूनच कळलेलं असतं.

पुणे जिल्ह्यातच अजून एक जोडी आहे. खेड गावाचं नाव हुतात्मा राजगुरूंच्या स्मरणार्थ राजगुरुनगर झालं, पण तालुका अजून खेडच. म्हणजे वेल्ह्याच्या बरोबर उलट: तिथे गाव बदललं आणि तालुका राहिला, इथे तालुका बदलला आणि गाव राहिलं. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यात एक खेड तालुका आहे. आणि ट्रेकला वेल्ह्याकडे जाताना कात्रज ओलांडल्यावर लागतं ते खेड शिवापूर, ते आणखी निराळं. तिथून पुढे चेलाडी फाट्याला वळायचं, मग मार्गासनी, विंझर आणि वेल्हे. एका रविवारच्या रस्त्यावर इतके नामसाधर्म्याचे खड्डे. खऱ्या खड्ड्यांबद्दल पुन्हा कधीतरी :-)

बरं, समजा नावं कधी बदललीच नाहीत, तरी मराठी नाव ही मशीनच्या दृष्टीने भरवशाची ओळख आहे का? अजिबात नाही. ‘वेल्हे’ आपल्याला दोन अक्षरांचा शब्द दिसतो. युनिकोडमध्ये ते सहा तुकडे आहेत: व, एकार, ल, हलन्त, ह, एकार. रोमनमध्ये कुणी व्ही ने लिहितं, कुणी डब्ल्यू ने, कुणी शेवटी ए टाकून ‘वेल्हा’ करतं. ‘बुद्रुक’ पूर्ण लिहायचं, ‘बु.’ लिहायचं की जुन्या दप्तरातल्यासारखं दोन दांड्या मारून ‘बु॥’ लिहायचं, हे त्या दिवशी डेटा एंट्रीला बसलेल्याच्या मूडवर. आपल्या कऱ्हाडचं तर विचारूच नका. त्यातला तो अर्धा ‘ऱ’ किमान तीन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होऊ शकतो. एक सरळ ऱ चा स्वतंत्र कोड वापरून, दुसरा र खाली नुक्ता जोडून, तिसरा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पण मशीनने तुकडे न तपासता तुलना केली तर तिघांची तीन गावं! त्यात युनिकोडच्या आधीचा डेटा असेल, वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टांच्या काळातला, तर तो आत रोमन अक्षरांचा कचरा म्हणून साठवलेला असतो आणि तो फॉन्ट असेल तरच मराठी दिसतो. अशा स्ट्रिंगला तुम्ही प्रायमरी की करणार?

खरं तर हा प्रश्न आपल्याकडे एका मराठी माणसाने १९७२ मध्येच ओळखला होता, आणि तो प्रोग्रॅमर नव्हता. श्रीराम भिकाजी वेलणकर, कोकणातल्या केळशीचे, संस्कृतचे पंडित आणि कवी, नोकरी टपाल खात्यात. पत्रांवर पत्ते वेगवेगळ्या भाषांत, अक्षर दिव्य, आणि एकाच नावाची गावं देशभर. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. सहा आकडे, कुठलीही भाषा येत नसली तरी वाचता येणारे. वेल्ह्याचा ४१२२१२. पहिल्या ४ वरून टपालाचा विभाग कळतो, पहिल्या तीन आकड्यांवरून पत्रं कुठे छाटायची ते, आणि शेवटच्या तीनवरून पोस्ट ऑफिस. नावाच्या शेजारी एक आकडा ठेवा, माणूस नाव वाचेल आणि छाटणी आकड्यावर होईल. डेटाबेसच्या पुस्तकात जे प्रकरणभर समजावतात ते या माणसाने पाकिटावरच्या सहा चौकटींत बसवलं.

पण लगेच पिनकोडला की करायला धावू नका! पिनकोड हा टपाल वाटपाचा पत्ता आहे, गावाची ओळख नव्हे. एका पिनकोडात अनेक गावं असतात, आणि टपालाच्या सोयीने आखलेली हद्द महसुलाच्या हद्दीशी जुळेलच असं नाही. ज्या कामासाठी आकडा बनवला त्याच कामाला तो वापरावा.

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, नाव नको, नावावरून एक सुटसुटीत कोड बनवू. ‘वेल्हे’ म्हणून व्हीएलएच. ही सगळ्यात लाडकी पळवाट, आणि तिचं काय होतं ते मुंबईत बघा. बोरीबंदरचं व्हीटी स्टेशन १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, रेल्वेचा कोड सीएसटीएम. २०१७ मध्ये नावात ‘महाराज’ आलं आणि कोड झाला सीएसएमटी. नावावरून कोड काढला, म्हणून नाव हललं की कोडही हलला. याउलट मुंबईचा विमानतळ. शहराचं नाव १९९५ मध्ये अधिकृतपणे मुंबई झालं, विमानतळाचं स्वतःचं नावही पुढे बदललं, पण बॅगेला लावतात त्या पट्टीवर आजही ‘बीओएम’. त्याचा मूळ अर्थ बॉम्बे, पण आता त्याच्याकडे कुणी अर्थ म्हणून बघत नाही. ती फक्त तीन अक्षरं आहेत, आणि म्हणूनच बॅगा अजून बरोबर पोचतात (निदान कोडमुळे तरी चुकत नाहीत).

नुसता आकडा असला म्हणजे तो टिकतोच असंही नाही. आपला पुणे-बंगळुरू हायवे वर्षानुवर्षं एनएच ४ होता. २०१० मध्ये देशभरच्या राष्ट्रीय महामार्गांना नवीन पद्धतीने क्रमांक दिले आणि तो ४८ झाला. नवीन पद्धतीत क्रमांकावरून रस्त्याची दिशा कळते: उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. छान सोय आहे, वाद नाही. पण आकड्यात अर्थ भरला की अर्थाची पद्धत बदलल्यावर आकडा बदलणं आलंच. म्हणून मशीनच्या आतली ओळख कशी हवी? तर निरर्थक. जितकी निरर्थक तितकी दीर्घायुषी.

युनिकोडवाल्यांनी तर याची हद्द केलीय. एकदा एखाद्या चिन्हाला नाव दिलं की ते बदलायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. एका कंसाच्या चिन्हाच्या अधिकृत नावात ‘ब्रॅकेट’चं इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं आहे, आणि ते तसंच राहणार आहे! बरोबर स्पेलिंग बाजूला पर्यायी नाव म्हणून नोंदवलंय. चूक सुधारून जगभरचे प्रोग्रॅम मोडण्यापेक्षा चूक सांभाळणं त्यांना बरं वाटलं. टाइमझोनच्या यादीतही तसंच. कलकत्त्याचं २००१ मध्ये कोलकाता झालं, यादीतही पुढे ‘एशिया/कोलकाता’ आलं, पण ‘एशिया/कलकत्ता’ हे जुनं नाव काढून टाकलं नाही. जुन्या नावाने विचारलं तरी तेच उत्तर मिळतं.

हे जुनं नाव चालू ठेवणं फार महत्त्वाचं आहे, आणि त्याचा धडा पुन्हा वेल्ह्यातच मिळतो. राजगड हे नाव मिळण्याआधी तो मुरुंबदेवाचा डोंगर होता. शेजारच्या तोरण्याचं नाव महाराजांनी प्रचंडगड ठेवलं. आज आपण काय म्हणतो? एका डोंगराला नवीन नावाने ओळखतो आणि दुसऱ्याला जुन्याच. लोक कुठलं नाव धरतील हे आदेशावर ठरत नाही. म्हणून नावांचं वेगळं टेबल हवं: एका ओळखीला अनेक नावं, आणि प्रत्येक नावाला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’. शोधणाऱ्याने वेल्हे लिहिलं तरी सापडावं, राजगड लिहिलं तरी सापडावं.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं नीट केलं नाही तर बिघडतं काय?

समजा केळद किंवा पासलीच्या एका मुलीला पुण्यात कॉलेजात शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचाय. शाळा सोडल्याचा दाखला: ता. वेल्हे. रेशन कार्ड: ता. वेल्हे. आधारवरचा पत्ता: वेल्हे. नवा उत्पन्नाचा दाखला: ता. राजगड. आणि अर्ज तपासणारा प्रोग्रॅम दोन स्ट्रिंग शेजारी ठेवून म्हणतो, ‘तपशील जुळत नाही.’ पुढचं आपल्या सगळ्यांना पाठ आहे. प्रतिज्ञापत्र करून आणा. दोन्ही एकच असल्याचं पत्र आणा. साहेब सोमवारी भेटतील. पावसाळ्यात त्या बाजूला एसटीच्या किती गाड्या असतात आणि एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, हे तो एरर मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नसतं. पुणे जिल्ह्यातला हा सगळ्यात कमी लोकवस्तीचा तालुका. इथल्या अडचणीचा आकडा कुठल्याही डॅशबोर्डवर कधी लाल होणार नाही, एवढा तो लहान. चूक आमची, म्हणजे नावाला की करणाऱ्या जमातीची, आणि हेलपाटे तिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

यावर घाईघाईने केला जाणारा दुसरा उपाय पहिल्याहून वाईट. अख्ख्या डेटाबेसवर ‘रिप्लेस ऑल’ मारायचं. जिथे वेल्हे तिथे राजगड. मग वेल्हे बुद्रुकचं होतं राजगड बुद्रुक, असं गाव पृथ्वीतलावर नाही! आणि २०१५ साली दिलेला दाखला आज पुन्हा छापला तर त्यावर तेव्हा नसलेल्या तालुक्याचं नाव येतं. मूळ कागद आणि पुन्हा काढलेली प्रत जुळत नाही, म्हणजे पुन्हा त्याच मुलीवर संशय. जुना कागद जुन्या नावानेच छापला गेला पाहिजे. इतिहासावर ‘अपडेट’ क्वेरी चालवायची नसते, नवीन ओळ घालायची असते.

आणि यातली चीड आणणारी गोष्ट म्हणजे यासाठी कुणी शोध लावायचा बाकी नाही. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी नावाची यादी आहे. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, प्रत्येकाला एक कोड. जनगणनेचेही गावागावांना कोड असतात. तुमच्या टेबलात यातला एक कॉलम घालायला किती वेळ लागतो? अर्धा दिवस? चहा धरून?

मला माहितीये, टीममधले तरुण मित्र काय म्हणतील. ‘जे लागणार नाही ते आधीच कशाला बनवायचं? नावं काय रोज बदलतात?’ तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे, उगाच फुगवलेल्या डिझाइनचा मलाही वैताग आहे. पण इथे ते लागू होत नाही. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहिल्यानगर, आणि मग आपला राजगड. दहा-अकरा वर्षांत एका राज्यात एवढं. ज्या गोष्टीची इतकी उदाहरणं डोळ्यासमोर आहेत तिला ‘लागलंच तर बघू’ म्हणणं म्हणजे साधेपणा नव्हे, आळस आहे. आणि आता एआय टेबलं बनवून देतो ही सबबही नको. त्याला तालुक्याचं टेबल मागितलंत तर तो टेबल देईल. वेल्ह्याचं राजगड होतं आणि रायगड शेजारी आहे, हे विचारात घेऊन मागणं मागायचं काम अजून आपलंच आहे.

शिवाय हे फक्त गावांपुरतं नाही. आपल्याकडे लग्नानंतर कित्येक बायकांचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, काहींचं पहिलंसुद्धा. डिग्रीवर एक, पॅनवर दुसरं. ज्या सिस्टीमला तालुक्याचं नामांतर झेपत नाही तिला या बायकांचंही झेपत नाही, आणि तिथेही प्रतिज्ञापत्र प्रोग्रॅमरला करावं लागत नाही.

तेव्हा सोमवारी ऑफिसात गेलात की एक करा. तुमच्या प्रॉडक्टमध्ये पत्त्याचं टेबल उघडा आणि बघा, ‘वेल्हे’ हे नाव किती ठिकाणी लिहिलंय. एकाच ठिकाणी असेल तर ज्याने ते डिझाइन केलं त्याला कटिंग चहा पाजा. चाळीस ठिकाणी असेल तर पुढच्या स्प्रिंटमध्ये एक तिकीट टाका, आणि ते ‘लो प्रायॉरिटी’ म्हणून ढकलायला कुणी आलं तर त्याला विचारा: केळदहून पुण्याला यायचं एसटीचं भाडं कुणी द्यायचं?